लघवीची गोळी नावाची कुठलीही गोळी नसते!

"डॉक्टर, लघवीच्या इन्फेक्शनवर एखादी चांगली गोळी लिहून द्या."

हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. सांगणारी कधी पंचविशीतली नवविवाहिता असते, कधी सत्तरीच्या वडिलांचा मुलगा, कधी सहा महिन्यांच्या नातवाला कडेवर घेतलेली आजी. तिघांनाही हवी असते एकच गोळी. आणि बहुतेक वेळा ती त्यांना आधीच मिळालेली असते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, शेजारणीच्या डब्यातून, नाहीतर मागच्या वेळच्या उरलेल्या पट्टीतून. नॉरफ्लॉक्स, सिप्रो, ओफ्लॉक्स किंवा सेफिक्झिम, सोबत जळजळ थांबवणारी गोड-आंबट औषधाची बाटली. दोन दिवसांत बरं वाटलं की गोळी बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

आज थोडं कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं असं आहे की लघवीचं इन्फेक्शन हा एक आजार नाही. कोणाला झालंय यावर तो कुठल्या जंतूमुळे झालाय, कुठवर पोहोचलाय आणि किती धोक्याचा आहे हे ठरतं. तान्हं बाळ, तरुण बाई, गरोदर बाई, पन्नाशीचा पुरुष आणि नळी लावलेली आजी हे पाच वेगळे आजार आहेत. त्यांना एकाच गोळीत बसवणं हा आळस आहे. तो रुग्णाचा आहे, मेडिकलवाल्याचा आहे आणि आमच्या व्यवसायातल्या पुष्कळांचाही आहे.

आधी जंतूंची ओळख करून घेऊ. सगळ्यात मोठा गुन्हेगार ई. कोलाय. थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तो बाळांच्या शौचातून शोधून काढला. हा जंतू तुमच्या-माझ्या आतड्यात रोज सुखाने राहतो. तिथे तो काही त्रास देत नाही. पण त्याच्या काही जातींच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट चिकटतो. लघवीच्या धारेनेही सुटत नाही. एरवी निरोगी असलेल्या तरुण बायकांमध्ये साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनची दहापैकी साधारण आठ प्रकरणं याचीच.

म्हणजे जंतू बाहेरून येत नाही, स्वतःच्याच आतड्यातून येतो. गुदद्वार आणि मूत्रमार्गाचं तोंड बाईच्या शरीरात अगदी जवळ असतात आणि तिचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो. पुरुषाचा साधारण १८ ते २० सेंटिमीटर. सगळा फरक या अंतराचा आहे. त्यामुळे "ऑफिसच्या कमोडवर बसलीस म्हणून झालं" किंवा "स्वच्छता ठेवत नाहीस" हे सुनेला ऐकवणं कृपा करून बंद करा. निम्म्याच्या आसपास बायकांना आयुष्यात कधी ना कधी हे इन्फेक्शन होतं. त्या सगळ्या काय अस्वच्छ असतात? उलट खास धुण्यासाठी म्हणून विकले जाणारे सुगंधी द्रव तिथल्या चांगल्या जंतूंनाच हाकलतात. साधं पाणी पुरतं. शौचानंतर पुढून मागे धुवायचं, एवढंच.

आणखी एक. उन्हाळी लागणं म्हणजे दर वेळी इन्फेक्शन नव्हे. मे महिन्यात दिवसभर उन्हात फिरून पाणी न पिता गडद पिवळी लघवी झाली की जळजळतंच. दोन-तीन तांबे पाणी पोटात गेल्यावर थांबली तर ती जंतूंची जळजळ नव्हती. अंगावरून पांढरं जातंय, बाहेर खाज आहे आणि तिथेच झोंबतंय, तर तो योनीमार्गाचा त्रास. त्याचं औषध वेगळं.

आता एकेका वयाकडे येऊ.

तान्ह्या बाळाला "आई, जळजळतंय" असं सांगता येत नाही. त्याला येतो नुसता ताप. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, पण ताप आहे, दूध ओढत नाही, किरकिरतंय. घरात निदान ठरलेलं असतं: दात येतायत. दात येताना १०२ ताप येत नाही हो! अशा बाळाची लघवी तपासलीच पाहिजे. पहिल्या काही महिन्यांत हा आजार मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो, हे ऐकून पालक चक्रावतात. नंतर मात्र मुली पुढे जातात. इथेही ई. कोलाय पहिला, पण क्लेब्सिएला आणि मुलग्यांमध्ये शिश्नाच्या कातडीखाली वस्ती करणारा प्रोटियस हेही असतात. काही बाळांत लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते. काही मुलग्यांत मूत्रमार्गात जन्मापासून पडदा असतो. बाळाला असं काही आहे का, हे पाहायला सोनोग्राफी लागते. अंदाजाने अँटिबायोटिकचं सिरप पाजून ताप उतरवला तर हे कळतच नाही, आणि पुन्हापुन्हा इन्फेक्शन होऊन किडनीवर कायमचे व्रण पडू शकतात. चिकटवायच्या पिशवीत जमलेली लघवी कल्चरला पाठवू नका, तिच्यात कातडीवरचे जंतू हमखास येतात. बालरोगतज्ज्ञांना स्वच्छ नमुना घेऊ द्या.

तरुण, एरवी निरोगी बाईचं इन्फेक्शन त्या मानाने सोपं. ई. कोलायच्या मागोमाग इथे स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस नावाचा जंतू दिसतो, खास करून लग्नानंतरच्या वर्षांत. शरीरसंबंधानंतर मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेले जंतू आत ढकलले जातात. यात लाजण्यासारखं काही नाही आणि नवऱ्याने संशय घेण्यासारखंही काही नाही. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, इतकंच. ताप नसलेल्या, पाठ न दुखणाऱ्या, पहिल्यांदाच त्रास झालेल्या अशा बाईला मी दर वेळी कल्चर करायला लावत नाही. त्याची गरजही नसते. तिच्यासाठी नायट्रोफ्युरँटॉइनसारखं १९५३ पासून वापरात असलेलं जुनं औषध पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची एक पुडी बहुतेक वेळा पुरते. ही दोन्ही औषधं मूत्राशयात काम करतात आणि आपल्याकडच्या ई. कोलायवर अजून बऱ्यापैकी चालतात. पण वर सांगितलेल्या सॅप्रोफायटिकसला फॉस्फोमायसिन लागू पडत नाही. म्हणून औषध घेऊनही त्रास गेला नाही, किंवा महिन्याभरात परत आला, तर पुढची गोळी अंदाजाने नको. तिथे कल्चर हवंच.

आणि ती गोड-आंबट बाटली! ती लघवी अल्कधर्मी करते, जळजळ कमी करते, जंतू मारत नाही. गंमत अशी की नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं चालतं. काउंटरवरून दोन्ही एकदम दिली जातात आणि एक औषध दुसऱ्याचे पाय ओढतं.

गरोदर बाईचा नियम मात्र उलटा. तिला काहीही त्रास नसला तरी सुरुवातीच्या महिन्यांत एकदा लघवीचं कल्चर करावं. जंतू निघाले आणि उपचार केले नाहीत तर दहापैकी दोन-तीन जणींमध्ये ते किडनीपर्यंत चढतात आणि थंडी-ताप, कधी मुदतपूर्व प्रसूती ओढवते. ई. कोलायसोबत इथे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस सापडला तर तो कागद बाळंतपणापर्यंत जपून ठेवा आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना दाखवा. बाळाला त्याची लागण होऊ नये म्हणून कळा सुरू झाल्यावर इंजेक्शन द्यावं लागतं. गरोदरपणात सिप्रो-नॉरफ्लॉक्सच्या वाटेला मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून अजिबात जाऊ नका.

पुरुषांनो, तुमचं इन्फेक्शन साधं नसतं. वीस सेंटिमीटरचा रस्ता पार करून जंतू वर गेलाय, म्हणजे त्याला काहीतरी मदत मिळाली आहे. तरुण असाल आणि लघवीच्या जागेतून स्राव येत असेल तर ती लैंगिक संबंधातून आलेली लागण असू शकते. तिची तपासणी आणि औषध वेगळं, आणि जोडीदारालाही द्यावं लागतं. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसे जंतू वाढतात. इथे ई. कोलायचा वाटा घटतो आणि क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टेरोकॉकस यांचा वाढतो. एन्टेरोकॉकसवर सेफिक्झिमच काय, त्या घराण्यातलं एकही औषध चालत नाही. जंतू प्रोस्टेटमध्ये शिरला असेल तर बायकोला लागू पडलेलं नायट्रोफ्युरँटॉइन तिथे पोहोचतच नाही आणि उपचार काही आठवडे चालतात. म्हणून बायकोची उरलेली पट्टी तुमच्या कामाची नाही. आणि हो, इन्फेक्शन चालू असताना पीएसए तपासून घाबरून जाऊ नका, तो तेव्हा वाढलेला असतोच.

मुतखडा असलेल्यांनी प्रोटियसचं नाव लक्षात ठेवावं. हा जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यातून नवे खडे तयार होतात. ते किडनीचा आतला भाग हरणाच्या शिंगांसारखे व्यापतात. खड्याच्या आत जंतू, जंतूंमुळे खडा. नुसत्या गोळ्यांनी हे चक्र तुटत नाही, खडा काढावाच लागतो.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस हे राखणदार जंतू कमी होतात आणि ई. कोलायला रान मोकळं मिळतं. साठीतल्या कितीतरी जणी वर्षातून चार वेळा अँटिबायोटिक घेतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आतून लावायची इस्ट्रोजेनची क्रीम त्यांची इन्फेक्शनं कमी करते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना विचारायला संकोच वाटतो, डॉक्टरांना बोलायला वेळ नसतो.

आता माझ्या मुख्य भांडणाकडे येतो. लक्षणं नसताना केलेली युरिन टेस्ट.

हेल्थ चेकअपचं पॅकेज, विम्याचा फॉर्म, नाहीतर "एकदा सगळं तपासून घेऊ". रिपोर्ट येतो: पस सेल्स ८ ते १०, बॅक्टेरिया प्रेझेंट. समोर लाल किंवा ठळक अक्षर. घरभर धावपळ. अहो, पण तुम्हाला होतंय काय? जळजळ? नाही. ताप? नाही. सारखं जावं लागतं? नाही. मग इलाज कशावर करायचा, कागदावर?

वृद्धाश्रमात राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत कुठल्याही दिवशी कल्चर केलं तरी जंतू सापडतात. म्हाताऱ्या पुरुषांतही प्रमाण कमी नाही. मधुमेह असणाऱ्या बायकांतही हे नेहमीचं आहे. त्यांच्यापैकी ज्यांना लक्षणं नाहीत त्यांना अँटिबायोटिक देऊन काही फायदा होत नाही. जंतू काही दिवसांत परत येतात, आणि येताना त्या औषधाला न जुमानणारे येतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आणि २०१९ मध्ये पुन्हा लिहिलं. अपवाद ठळक दोनच: गरोदरपण, आणि मूत्रमार्गाचं असं ऑपरेशन ज्यात आतल्या अस्तराला इजा होऊन रक्त येऊ शकतं. तरीही रोज माझ्यासमोर असे कागद येतात, आणि "काही औषध नको" म्हटलं की समोरचा चेहरा पडतो. औषध न लिहिणारा डॉक्टर म्हणजे फी फुकट गेली!

नळीचं तर विचारूच नका. कॅथेटर लावला की रोज साधारण शंभरातल्या तीन ते पाच जणांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिनाभर नळी राहिली तर जवळपास प्रत्येकाच्या. नळीच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि त्यात अँटिबायोटिक शिरत नाही. तिथे स्युडोमोनास, क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस, कॅन्डिडा बुरशी, सगळी जत्रा भरलेली असते. अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या पिशवीतली लघवी गढूळ दिसली, वास आला, की मुलगा ती पिशवीतलीच लघवी बाटलीत भरून लॅबला नेतो. रिपोर्टमध्ये तीन जंतू आणि पानभर औषधांची यादी. मग महागडी इंजेक्शनं. गढूळ लघवी आणि वास म्हणजे इन्फेक्शन नव्हे. ताप, थंडी, कंबरेत दुखणं, रक्तदाब पडणं असं काही असेल तर नळी बदलायची, नव्या नळीतून नमुना घ्यायचा आणि मग औषध. आणि सगळ्यात आधी विचारायचं: ही नळी अजून हवीच आहे का? कितीतरी घरांत ती केवळ सोय म्हणून राहिलेली असते.

आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तरी पहिला संशय लघवीवर जातो. जंतू सापडतातच, कारण ते आधीपासून होतेच. निदान झालं असं समजून सगळे निवांत. प्रत्यक्षात सोडियम उतरलेलं असतं, झोपेची नवी गोळी सुरू झालेली असते, पाणी कमी पडलेलं असतं किंवा लघवी तुंबलेली असते. लघवीत जंतू सापडले म्हणून खरं कारण शोधणं थांबतं, याचा मला जास्त राग आहे.

याच्या उलटही एक प्रकार आहे. पस सेल्स भरपूर, त्रास भरपूर, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. एकदा असं झालं तर बहुधा आधी घेतलेल्या गोळीचा परिणाम. पुन्हापुन्हा झालं, सोबत वजन घटतंय, लघवीतून रक्त जातंय, तर आपल्या देशात मूत्रमार्गाचा टीबी डोक्यात आलाच पाहिजे. साध्या कल्चरमध्ये टीबीचा जंतू उगवत नाही. आणि लेव्होफ्लॉक्स, ओफ्लॉक्स या गोळ्या टीबीलाही थोडंफार दाबतात. रुग्णाला चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि तोवर किडनी किंवा मूत्रवाहिनी खराब होऊ शकते. उठसूट गोळ्या खाण्याची ही किंमत.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, तुमचं बरोबर आहे, पण आमचा रोज बुडतो. फी, कल्चरचे काहीशे रुपये, दोन-तीन दिवस थांबायचं. मेडिकलमध्ये पन्नास रुपयांत काम होतं." हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. पण काम होतं का? मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर ई. कोलायच्या निम्म्याहून जास्त नमुन्यांवर सिप्रो आता चालत नाही. या गटातल्या औषधांमुळे स्नायूबंध तुटणं, नसांचा त्रास असे दुष्परिणाम होतात म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की दुसरं औषध उपलब्ध असेल तर साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला ही वापरू नका. आपल्याकडे सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकल्याची वेगळी नोंद ठेवायची. पट्टीवरची लाल उभी रेघ तुम्ही पाहिली असेल. ती डिझाइन म्हणून नाही, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगायला आहे.

२००८ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. रुग्ण मूळ भारतीय, नुकताच दिल्लीत उपचार घेऊन परतलेला. शेवटची म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम इंजेक्शनंही या जंतूवर चालेनात. त्याच्यातल्या एन्झाइमला नाव मिळालं एनडीएम-१, त्यातली पहिली दोन अक्षरं नवी दिल्लीची. आपल्या राजधानीचं नाव दिलं म्हणून पुढे केवढा गदारोळ झाला! नावावर झाला तेवढा गोळ्यांवर झाला असता तर बरं झालं असतं. लक्षात घ्या, जंतू लघवीतलाच होता.

कल्चर करायचं ठरलं तर नीट करा, नाहीतर पैसे वाया. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरा. घरची मुरांब्याची बाटली चालत नाही, कितीही उकळली तरी. दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा, जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. गरम स्कूटरच्या डिकीत दुपारभर फिरलेल्या लघवीत जंतूंची संख्या भराभर वाढते आणि रिपोर्ट खोटा बोलतो. मिश्र जंतू वाढले असं आलं तर बहुतेक वेळा नमुना बिघडलेला असतो, तुम्ही नव्हे.

मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू असेल तर लघवीत साखर दिसणारच, ते औषधाचं काम आहे. तिथे बाहेरून खाज आणि लालसरपणा आला तर बहुधा बुरशी असते. अँटिबायोटिकने ती आणखी वाढेल.

पाण्याबद्दल एकच अभ्यास सांगतो, कारण तो मला आवडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांची इन्फेक्शनं जवळपास निम्म्यावर आली. पण हा सल्ला देताना माझीच जीभ अडखळते. भाजी विकणारी मावशी, बंदोबस्तावरची महिला पोलीस, एसटीची कंडक्टर यांना मी पाणी प्या म्हणतो तेव्हा त्या विचारतात, "आणि जायचं कुठे?" मुंबईत २०११ मध्ये बायकांनी राइट टू पी नावाने यासाठी चळवळ उभी केली. बस स्टँडवरच्या कुलूप लावलेल्या संडासाची किल्ली कोणाकडे असते, याचा तुमच्या लघवीच्या रिपोर्टशी थेट संबंध आहे. नगरसेवक मतं मागायला आले की हे विचारा. मी विचारतो.

शेवटी, वाट कधी पाहायची नाही ते सांगतो. लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, लघवी पूर्ण अडकणं, यातलं काहीही असेल, किंवा रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई, मधुमेही किंवा एकच किडनी असलेला असेल, तर ना शेजारणीची पट्टी, ना गोड-आंबट बाटली. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि त्याआधी कुठली गोळी घेतली असेल तर तिची रिकामी पट्टी सोबत आणा. नाव आठवत नसतं, पट्टी खरं बोलते.